परड्यांतील भाजी : आनंद कोणाचा आणि काळजी कोणाची ?

कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरामागें चार हात मोकळी जमीन बहुधा असतेच. तिला कोणी परडें म्हणतात, कोणी परसूं म्हणतात. शेतीचा हिशेब मांडतांना या तुकड्याची गणना सहसा कोणी करीत नाहीं, आणि सातबाराच्या उताऱ्यावर त्यांतील पडवळाची नोंदही होत नाहीं. तथापि ताटांत भाताशेजारीं काय पडावें याचा निर्णय वर्षांतील निदान पांच-सहा महिने हाच तुकडा करीत असतो. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील परड्यांविषयीं चार शब्द लिहावे, असा या लेखाचा हेतु आहे. भाजी केव्हां व कशी लावावी हें त्यांत ओघानें येईलच. परंतु मुख्य प्रश्न निराळा आहे. परड्यापासून मिळणारा आनंद आणि परड्यापायीं करावी लागणारी काळजी यांची घरांतील लहानथोरांत वांटणी कशी व्हावी, हा तो प्रश्न होय.

पाऊस फार, पाणी थोडें

महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपुराजवळून महाडास येते व पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. तिच्या दोहों अंगांस असलेल्या या प्रदेशांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. आषाढांत अंगणांतून लोंढ्यानें वाहून गेलेल्या पाण्यापैकीं हंडाभर पाणी चैत्रांत मिळेल तर बरें, असें वाटण्याची पाळी वरच्या वाड्यांतील बायकांवर दरसाल येते. जमीनही सारखी नाहीं. नदीकांठीं गाळाची व खोल, डोंगरउतारावर तांबूस, उथळ व मुरमाड, आणि खाडीच्या बाजूस खारी.

अशा ठिकाणीं बारमाही मळा करूं म्हणणारास निराशाच पदरीं येईल. परंतु हंगामाच्या कलानें चालणारास वर्षाचे तीन भाग आपोआप पडलेले दिसतात. मृगापासून गणपतीपर्यंत वेलांचा काळ : पडवळ, शिराळीं, कारलीं, दुध्या, तांबडा भोपळा व तवसें; जोडीला भेंडी व अळूं. भात कापून झालें कीं जमिनींत राहिलेल्या ओलीवर वालाचा काळ. आणि विहिरीला पाणी आहे तोंवर, म्हणजे साधारणतः माघ महिन्यापर्यंत, माठ, मुळा, पालक, वांगीं व मिरची यांचा काळ. परड्याला कांहीं येण्यापूर्वीं, पहिल्या पावसांतच, टाकळा, कुर्डू व भारंगी या रानभाज्या डोंगर फुकट देतो, तें निराळेंच.

परड्याचें महत्त्व कळावयास घाटाकडे पाहावें. महाडच्या बाजारांत विकली जाणारी पुष्कळशी भाजी घाटावरून येते. जुलै २०२१ मध्यें अतिवृष्टीनें महाड शहर पुराखालीं गेलें, तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं, पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर-सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले, आणि आंबेनळी घाट ठिकठिकाणीं खचून वाहतूक बंद पडली. एवढ्या मोठ्या दुःखापुढें भाजीची गोष्ट ती काय ! परंतु संकट ओसरल्यावर पोटाचा प्रश्न उभा राहतोच, आणि रस्ते तुटलेले असतां दाराशीं असलेली भाजीच तेवढी हातांशीं राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसाच्या आहारांत फळें व भाज्या मिळून दररोज निदान ४०० ग्रॅम असाव्या. पांच माणसांच्या घरास हें प्रमाण दोन किलो होतें. तें सर्व विकत आणणें किती घरांस झेपेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

ऋषिपंचमीची भाजी

आपल्या पूर्वजांनीं परड्याला एक परीक्षेचा दिवस नेमून दिला आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं, बैलाच्या कष्टानें पिकलेलें अन्न खावयाचें नाहीं, माणसानें हातानें खणून लावलेलें तेवढेंच खावयाचें, अशी चाल आहे. त्या दिवशींच्या भाजींत अळूं, माठ, भेंडी, पडवळ, शिराळीं, तवसें, करांदे, सुरण असें घरोघरीं जें असेल तें पडतें. व्रताचा धर्मार्थ कोणी कसाही लावो. शेतकीच्या दृष्टीनें त्यांत मोठें मर्म आहे. नांगर व बैल यांच्यावांचून केवळ कुदळीच्या व हाताच्या बळावर घराला किती अन्न निर्माण करतां येतें, याचा तो वार्षिक हिशेबच होय.

हा दिवस ध्यानीं धरून मागें मोजीत यावें. मृग सुमारें ७ जूनला लागतो. तेथपासून ऋषिपंचमी साधारणतः अडीच ते साडेतीन महिन्यांवर असते. माठ तीन-चार आठवड्यांत काढतां येतो, भेंडी दीड महिन्यांत धरूं लागते, शिराळीं, कारलीं व तवसें यांस पन्नास-साठ दिवस पुरतात आणि पडवळास थोडे अधिक लागतात. म्हणजे मृगाच्या आरंभीं लावलेलें सर्व कांहीं पंचमीपूर्वीं हातीं येतें. लहान मुलास ‘अमुक दिवसांनीं पीक येईल’ असें सांगून त्याच्या मनावर ठसत नाहीं. ‘पंचमीच्या भाजींत तुझी भेंडी पडली पाहिजे’ असें म्हटलें कीं तें बोटांवर दिवस मोजूं लागतें.

मुलाचा वाफा

बहुतेक घरांतून अशी रीत आढळते कीं खणणें, बीं टोंचणें, राखण करणें व किडीची चिंता वाहणें हें सारें मोठ्यांनीं करावें, आणि शेवटीं मुलाच्या हातीं टोपली देऊन ‘जा, भेंड्या खुडून आण’ म्हणावें. यांत माया आहे, परंतु शहाणपण थोडें आहे. अशा मुलास भाजी ही झाडाला आपोआप लागणारी वस्तु वाटूं लागते. पुढें तेंच मूल कामधंद्यासाठीं मुंबईस गेलें म्हणजे त्याच्या लेखीं परडें आणि वाण्याचें दुकान यांत भेद उरत नाहीं. फरक एवढाच कीं दुकान जवळ असतें.

याकरितां आठ-दहा वर्षांच्या प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, स्वतःचा एक वाफा द्यावा. तो दहा फूट लांब व तीन फूट रुंद असला तरी पुष्कळ झाला. मुलाचा हात दोन्ही बाजूंनीं मध्यापर्यंत पोंचला पाहिजे, हीच रुंदीची मर्यादा. आपल्याकडील पावसांत सपाट वाफ्यांत बीं कुजतें. म्हणून माती वीतभर उंच ओढून गादीवाफा करावा व भोंवतीं चर काढावा. कुजलेलें शेणखत दोन घमेलीं मिसळावें. त्यांत दोन ओळी भेंडीच्या, एक ओळ तांबड्या माठाची, आणि टोंकाशीं पडवळाचें एक आळें एवढेंच लावावें. भेंडीचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून दोन झाडांत एक फूट व दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवून टोंचावें. पडवळाच्या आळ्यांत तीन-चार बिया टोंचून पुढें जोमदार दोनच रोपें राखावीं. माठ लवकर येतो, त्यामुळें मुलाचा धीर टिकतो. भेंडी रोज कांहीं देते. आणि पडवळ डोळ्यांदेखत वाढतें, त्यामुळें मौज वाटते. पडवळ वांकडें होऊं लागलें कीं त्याच्या टोंकाशीं सुतळीनें लहानसा दगड बांधून तें सरळ करण्याची युक्ति आपल्या बायकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तें काम मुलाकडेच द्यावें.

वाफा देतांना एक करार करावा व तो मोठ्यांनींच कसोशीनें पाळावा. विचारल्यास सल्ला द्यावा, अवजड काम असेल तेथें हात लावावा. परंतु मूल निजल्यावर त्याचें मेलेलें रोप उपटून दुसरें लावून ठेवूं नये. रोप मेलें तर तें मेलेलें मुलास दिसलें पाहिजे. तें कां मेलें याचा शोध दोघांनीं मिळून घ्यावा. चर तुंबला होता, कीं बुंध्याशीं अळीनें कातरलें, कीं बीं फार खोल पडलें ? या शोधांतून मूल जें शिकतें तें तोंडी उपदेशानें शिकत नाहीं. बीं पुन्हां टोंचावयास श्रावणाच्या आरंभापर्यंत वेळ असतो, हें मात्र त्यास अवश्य सांगावें.

आनंदाचे प्रसंग

आनंद हा केवळ खुडणीच्या दिवशीं असतो असें नाहीं. वेलाला फुलें येऊं लागलीं कीं मुलास संध्याकाळीं मांडवाखालीं न्यावें. तांबड्या भोपळ्याचीं व तवशाचीं फुलें सकाळीं उमलतात. शिराळ्याचीं पिवळीं व दुध्याचीं पांढरीं फुलें दिवस कलल्यावर उमलतात. पडवळाचें झालरीचें पांढरें फूल तर तिन्हीसांजेनंतर उमलतें. एकाच वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें असतात. मादी फुलाच्या देंठाशीं चिमुकलें फळ आधींच दिसतें. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरकत नाहींत आणि कोंवळीं फळें पिवळीं पडून गळतात. अशा वेळीं नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेच टेंकवावा. हें काम मुलांच्या लहान बोटांस उत्तम साधतें. आठवड्यानें तेंच फळ बोटभर वाढलेलें पाहून मुलास जो हर्ष होतो तो वर्णन करण्याची गरज नाहीं.

भातानंतरच्या वालांतही असाच आनंद सांठविलेला आहे. वालाला पाणी द्यावें लागत नाहीं. कार्तिकांत टोंचलेला दाणा जमिनींतील ओलीवर व रात्रींच्या दंवावर वाढतो. रायगड जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत वालाच्या ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत भरून, मडकें उपडें घालून भोंवतीं जाळ करून पोपटी लावतात. तिची गोडी ज्यानें घेतली त्यास ती निराळी सांगावयास नको. ज्या मुलाच्या वाफ्यांतील शेंगा त्या मडक्यांत पडल्या त्याला ती दुप्पट गोड लागते.

काळजीचे प्रकार

आतां काळजीकडे वळूं. रोप दोन पानांवर आलें कीं वेलांवर तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करितात. पहांटेच्या गारव्यांत ते सुस्त असतात. त्या वेळीं मुलांनीं ते वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे व पानांवर चुलींतील राख भुरभुरावी. पावसाळ्यांत गोगलगाईंचा उपद्रव होतो. रात्रीं वाफ्याशेजारीं ओलें गोणपाट पसरून ठेवल्यास सकाळीं त्याखालीं त्या जमलेल्या सांपडतात. त्या चिमट्यानें उचलून मिठाच्या पाण्यांत टाकाव्या.

फळें धरूं लागलीं म्हणजे फळमाशी येते. ती कोंवळ्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते. आंत अळ्या होऊन फळ सडतें, आणि अळ्या जमिनींत शिरून कोष करितात. त्यामुळें सडकें फळ उकिरड्यावर टाकणें म्हणजे पुढच्या पिढीस घर बांधून देणें होय. तें दोन फूट खोल पुरावें. दापोली येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठानें ‘रक्षक सापळा’ म्हणून एक साधा सापळा तयार केला आहे. त्यांत वेलवर्गीय भाज्यांसाठीं असलेलें गंधद्रव्य ठेवलें म्हणजे नर माश्या आकर्षिल्या जाऊन मरतात. याच विद्यापीठानें आपल्या हवेस मानवणाऱ्या जातीही दिल्या आहेत : कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’ व पडवळाची ‘कोकण श्वेता’. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडूं लागल्यास तो विषाणूचा रोग असून पांढरी माशी तो पसरविते, असें समजावें. रोगट झाड बरें होत नाहीं. तें तत्काळ उपटून पुरावें. या रोगास दाद न देणारी म्हणून परभणीच्या विद्यापीठानें काढलेली ‘परभणी क्रांति’ ही जात प्रसिद्ध आहे. स्वतः वाढविलेलें झाड उपटतांना मुलाच्या डोळ्यांत पाणी येईल. तरी तें त्यानेंच उपटावें, कारण एका झाडाचा लोभ साऱ्या ओळीस भोंवतो.

वानर व रानडुकरें यांची काळजी मात्र मुलाच्या आवांक्याबाहेरची आहे, व खरें पाहतां एकट्या घराच्याही आवांक्याबाहेरची आहे. वई बळकट करावी, मांडव घराच्या जवळ घ्यावा, आणि वाडीनें मिळून पाळीपाळीनें राखण करावी. ज्या वाडींत पांचच परडीं लागतात तेथें सारीं वानरें त्या पांचांवर तुटून पडतात. पन्नास लागलीं तर राखणीला पन्नास घरांचीं माणसें मिळतात. परडीं ओस पडूं लागलीं कीं राहिलेल्यांची राखण अधिकच कठिण होते, आणि म्हणून तींही ओस पडतात. हें दुष्टचक्र आपल्या डोळ्यांसमोर चाललें आहे.

जेथें मुलांस दूर ठेवावें

काळजींत मुलांस भागीदार करावें याचा अर्थ त्यांस धोक्यांत लोटावें असा नव्हे. कीटकनाशकांचे डबे व फवारणीचा पंप मुलांच्या हातीं कधींही देऊं नये. मुलाच्या वाफ्यावर तर विषारी औषध मारूंच नये. तेथें पांच टक्के निंबोळी अर्क व हातानें वेंचणी एवढ्यावरच भागवावें.

दाट वेलाखालीं, दगडांच्या गडग्यांत व लांकडांच्या ढिगांत फुरसें व विंचू असतात. तेथें हात घालण्यापूर्वीं काठीनें ढवळावें. या बाबतींत महाडचें नांव जगाला ठाऊक झालें आहे. याच तालुक्यांत वैद्यकी करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा गुण दाखवून दिला. त्यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. तथापि औषध असलें तरी वेळ दवडूं नये. मंत्र-तंत्र न करितां दंश झालेल्यास तडक दवाखान्यांत न्यावें.

परडें वाढविण्याच्या हव्यासानें घरामागील डोंगराचा पायथा खणूं नये. २०२१ चा जुलै आठवला म्हणजे याचें कारण सांगावें लागत नाहीं. उलट पावसाचें पाणी घराच्या व परड्याच्या बाजूनें सुखानें वाहून जाईल असे चर राखावे. पुराचें पाणी शिरलेल्या जागीं, विशेषतः कारखान्यांच्या आसपास, माती तपासून घेतल्यावांचून पालेभाजी लावूं नये.

बीं राखणें

आनंद व काळजी ज्यांत एकत्र बांधलेलीं आहेत अशी वस्तु म्हणजे बीं. वेलावरील सर्वांत सुरेख फळ खाण्याचा मोह आवरून तें वाळण्यासाठीं राखणें, ही मुलास संयमाची चांगली शिकवण आहे. पडवळ, शिराळें, भेंडी, वाल यांचें गांवठी बीं घरचें घरीं राखतां येतें. पूर्ण वाळवून राखेंत घोळून कोरड्या डब्यांत ठेवावें. संकरित बियाण्याच्या फळांतील बीं मात्र दुसऱ्या वर्षीं मूळ जातीसारखें निपजत नाहीं, हें ध्यानांत असावें. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां वाल व इतर भाज्यांच्या अनेक गांवठी जातींचें बीं जमवून राखलें. सरकारनें २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर केली. त्यांच्या बीं-पेढीचा आरंभ घरच्या परसांतच झाला. पोलादपुराच्या वाड्यांतही असें बीं म्हाताऱ्या बायकांच्या डब्यांतून असेल. तें मागून घ्यावयास नातवंडें गेलीं पाहिजेत.

संकटांतील बाग आणि संवयीची बाग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, आपल्या देशांत ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. त्याच सुमारास इंग्लंड व अमेरिका येथें लोकांनीं घरोघरीं व शाळांतून भाजीच्या बागा केल्या. एकट्या अमेरिकेंत त्यांची संख्या दोन कोटींच्या घरांत सांगतात. युद्ध संपतांच त्यांतील बहुतेक बागा नाहींशा झाल्या. गरजेनें लावलेली बाग गरजेबरोबर जाते. लहानपणापासून अंगवळणीं पडलेली मात्र टिकते. केंद्र सरकारनें २०१९ सालीं शाळांतील पोषण-बागांसंबंधीं मार्गदर्शक सूचना काढल्या, व शाळेच्या खिचडींत शाळेच्याच परसबागेची भाजी पडावी असा प्रयत्न अनेक ठिकाणीं होतो. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु शाळेची बाग सर्वांची असते, आणि सुटींत तिला पाणी कोण घालणार हा प्रश्न उरतो. घरचा वाफा एकाच मुलाचा असतो. म्हणून शाळेनें शिकवावें व घरानें वाफा द्यावा, अशी जोड असावी.

या दोन तालुक्यांतील कर्तीं माणसें फार वर्षांपासून मुंबईस जात आहेत, व पुढेंही जातील. त्यांस अडविण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु मांडव कसा घालावा, पाऊस किती मुरला म्हणजे बीं टोंचावें, कोणत्या वेलाचें फूल केव्हां उमलतें, हें ज्ञान छापील पुस्तकांतून पुरतें येत नाहीं. तें आजीच्या हातांतून नातवाच्या हातांत जातें, किंवा जातच नाहीं. मध्यें एक पिढी चुकली तर तो धागा पुन्हां जुळविणें कठिण आहे.

यास्तव आमच्या शेतकरी बंधु-भगिनींस विनंति अशी कीं येत्या मृगापूर्वीं आपल्या परड्यांत दहा फुटांची एक जागा आंखावी, चार दोऱ्या लावाव्या, व ती घरांतील मुलाच्या नांवें करून टाकावी. त्यांतील पीक त्याचें, आणि त्यांतील किडीचा, पावसाचा व पडझडीचा घोरही त्याचाच. पंचमीच्या दिवशीं त्या वाफ्यांतून भाजी आली तर तिचा मान मुलास द्यावा. न आली तर त्याच्या शेजारीं बसून पुढच्या वर्षींचें बीं निवडावें.